शटरला नुसता ‘ड्युको’ नको, आणि रात्रीचा स्प्रे तर नकोच



दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, आता घरोघरी स्वयंपाकघराची कामं निघतील. ट्रॉल्यांना आणि शटरना नवा रंग द्यायचा, तोही ब्रशनं नाही तर स्प्रेनं, म्हणजे कारखान्यातून आल्यासारखा गुळगुळीत दिसेल, ही सध्या सगळ्यांची हौस आहे. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा रंग ठरतो कसा, याबद्दल. शेड कार्ड घरी येतं, सगळं घर त्यावर वाकतं, आयव्हरी की पिस्ता यावर तीन दिवस चर्चा होते. सासूबाईंचं मत, मुलीचं मत, जावेचं मत, सगळ्यांची मतं घेतली जातात. आणि डब्यात नेमकं काय आहे, हे मात्र पॉलिश मिस्त्री ठरवतो. तो विचारतो, “ताई, ड्युको मारू ना?” आपण म्हणतो, “मारा.” झाला निर्णय.

मी या ‘मारा’च्या विरोधात लिहिते आहे. शेड कोणतीही घ्या, पण स्वयंपाकघराच्या शटरला दोन डब्यांचा पीयू सोडून दुसरं काही स्प्रे करू देऊ नका. आणि तो पीयूही आपल्या बंद स्वयंपाकघरात, रात्री दिवे लावून, तोंडाला रुमाल बांधलेल्या पोराकडून मारून घेऊ नका. या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. टिकाऊ रंग हवा, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या श्वासानं चुकवायची नाही, असं दोन्हींना धरून माझं म्हणणं आहे.

‘ड्युको’ म्हणजे नेमकं काय?

ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या रंगाचं नाव. 1920 च्या दशकात तो मोटारगाड्यांवर मारायला लागले, कारण तो झटपट वाळायचा. तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला ‘एनसी’ म्हणतात त्या जातीचा रंग होता. पुढे आपल्याकडे हे नाव असं रुळलं, की लाकडावर गननं मारलेल्या कुठल्याही रंगीत फिनिशला ड्युको म्हणतात. कुणाचा ड्युको एनसी असतो, कुणाचा पीयू. त्यामुळे ‘ड्युको मारू’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पहिला प्रश्न विचारायचा तो हा: “एनसी की पीयू?”

दोन्हींतला फरक समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. स्वयंपाक येतो ना? मग झालं. मीठ पाण्यात विरघळवलं आणि पाणी आटवलं तर तळाला मीठ उरतं. पुन्हा पाणी घाला, ते पुन्हा विरघळतं. एनसी असाच वाळतो. थिनर उडून जातो, मागे थर राहतो. आत काही बदललेलं नसतं. म्हणून तो थर थिनरनं, स्पिरिटनं, नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं पुन्हा मऊ पडतो. कढईच्या धगीनं, तेलकट हातानं, रोजच्या ओल्या फडक्यानं तो हळूहळू निस्तेज होतो आणि पांढरा असेल तर पिवळाही पडतो.

पीयूचं तसं नाही. त्यात एका डब्यात रंग आणि दुसऱ्या डब्यात हार्डनर असतो. दोन्ही कंपनीनं सांगितलेल्या मापात मिसळले की आत प्रक्रिया सुरू होते. विरजण लावलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, तसा जमलेला पीयू पुन्हा पातळ होत नाही. मिसळलेला रंग काही तासांत वापरून संपवावा लागतो, उरलेला डब्यातच घट्ट होतो. मिस्त्रीला तो नको असतो याचं हे एक कारण. एनसी उरला की झाकण लावून पुढच्या घरी नेता येतो.

आता हिशेब करा. ओट्याखालची शटर आपण दिवसातून निदान दोनदा पुसतो. दहा वर्षांत सात हजारांहून जास्त वेळा. शिवाय फोडणीची वाफ, कुकरची शिट्टी, भांड्यांचा साबण, सोडा, आणि हळद. बैठकीतल्या शोकेसला एनसी मारला तर मी भांडणार नाही, तिथे फक्त धूळ झटकायची असते. स्वयंपाकघर ही वेगळी जागा आहे आणि तिथे कोण उभं असतं हे मिस्त्रीला माहीत नसलं, तरी आपल्याला माहीत आहे.

बाकीचे पर्याय

ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, स्वस्त आहे आणि तोही गननं मारता येतो. पण पांढरा ऑइल पेंट उजेड नसलेल्या जागी पिवळा पडतो. जुन्या कपाटाच्या दाराची आतली बाजू पाहा. शिवाय तेल आणि खार एकत्र आले की साबण होतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. सोड्याच्या पाण्यानं ऑइल पेंट रोज पुसला तर सावकाश का होईना, तेच घडतं.

मेलामाइन हे लाकडाचे रेषे दिसावेत म्हणून मारायचं पारदर्शक पॉलिश. ते कडक असतं, पण वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. जिथे आपण तासन्‌तास उभ्या असतो, तिथे ते कशाला?

आणि लाख. जुनं सागवानी कपाट असेल तर मिस्त्री ‘फ्रेंच पॉलिश’ सुचवतो, किंवा रंगाखाली सीलर म्हणून चपडा मारतो. चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आणि लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर लाखेच्या किड्यांनी अंगाभोवती केलेलं कवच. फांदी खरवडली जाते तेव्हा त्यात ते जीव असतात. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, त्यात लाक्षावाणिज्य आहे. तेव्हा लाख नको, हे आपल्यातल्या पुष्कळ जणी न सांगता विचारतात आणि चांगलंच करतात. शिवाय लाख स्वयंपाकघरात टिकतही नाही. गरम भांडं टेकलं की पांढरी कडी उमटते आणि साबणाच्या पाण्यानं ती सुटते.

पण माझं भांडण इथूनच सुरू होतं. “लाख नाही ना?” एवढं विचारून आपण समाधानानं आत जातो. रंगाची अहिंसा तिथे संपते.

गन धरणाऱ्याचं काय?

पीयूचं जे हार्डनर आहे त्यात आयसोसायनेट नावाचा पदार्थ असतो. रंग नीट जमून वाळला की त्याचा त्रास उरत नाही. त्रास असतो तो मारताना उडणाऱ्या तुषारांत. हे तुषार इतके बारीक असतात की साध्या उजेडात दिसतही नाहीत. कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत आयसोसायनेटची गणना होते. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या तुषारांनीही दम लागतो, आणि त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. याला रुमाल चालत नाही, सर्जिकल मास्क चालत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं देणारा मास्क लागतो, आणि तुषार ओढून घेणारा पंखा असलेली बंदिस्त खोली, म्हणजे स्प्रे बूथ लागतो.

आपल्या घरी काय असतं? खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, धूळ नको म्हणून पंखा बंद, आणि वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा रुमाल बांधून गन धरून उभा. आपण सामायिकाला बसताना मुहपत्ती बांधतो, कारण आपल्या तोंडच्या वाफेनं हवेतला सूक्ष्म जीव दुखावू नये. आणि शेजारच्या खोलीत एक पंचेंद्रिय जीव आपल्या शटरसाठी विष श्वासात घेत असतो, त्याला आपण चहा नेऊन देतो आणि म्हणतो, “लवकर आवरा हं, पाहुणे यायचेत.” पहिल्या व्रताच्या अतिचारांत ‘अतिभार’ आहे. तो फक्त बैलाच्या पाठीवरच्या गोणीपुरता आहे, असं मला कुणी समजावून सांगू नये.

यावर कुणी म्हणेल, मग एनसीच बरा, त्यात हार्डनर नाही. नाही. एनसीचा थिनरही फुफ्फुसात आणि डोक्यात जातोच, आणि तो पेट घेण्यात तर सगळ्यांत पुढे. शिवाय एनसी लवकर खराब होतो, म्हणून काही वर्षांनी पुन्हा घासायचा, पुन्हा मारायचा. पुन्हा तोच पोरगा, पुन्हा तोच रुमाल. एकदाच नीट मारलेला रंग म्हणजे एकदाच केलेली हिंसा, तीही जमेल तेवढी कमी केलेली. दर तीन वर्षांनी रंग बदलायची हौस आपल्या आठव्या व्रताच्या अनर्थदंडात बसते की नाही, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

उपाय अवघड नाही. शटर बिजागरीवरून काढता येतात. प्रत्येकाच्या मागे नंबर टाका, टेम्पोत घाला आणि जिथे बूथ आहे अशा कारखान्यात पाठवा. मोठ्या गावांत पीयू फिनिशचं काम करणारे असे कारखाने आहेत. आधी जाऊन एकदा बघून या. पंखा आहे का, मास्क आहे का, हे डोळ्यांनी दिसतं. पंधरा-वीस दिवस उघड्या कपाटांनी स्वयंपाक करावा लागेल. आयंबिलची ओळी करणाऱ्या आपण, एवढं जमू नये?

कारखाना जवळ नसेलच तर पाण्यावरचा, एका डब्याचा ॲक्रिलिक-पीयू घ्या. तो दोन डब्यांच्या पीयूइतका कडक होत नाही हे खरं, पण स्वयंपाकघरात एनसीपेक्षा बरा टिकतो आणि थिनरचा त्रास नाही. मास्क मात्र तिथेही हवाच. आणि पाण्यावरच्या रंगालाही वेगळा हार्डनर असेल, तर त्यातही आयसोसायनेट असू शकतं. वास नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं.

रात्र आणि पाऊस

रात्रिभोजन आपण का टाळतो? दिव्याकडे जीव येतात म्हणून. मग रात्री अकरा वाजता हॅलोजन लावून शटरवर रंग मारला जातो तेव्हा ते जीव कुठे जातात? ओल्या रंगात. सकाळी मिस्त्री पॉलिश पेपरनं ते घासून काढतो आणि वर आणखी एक हात मारतो. ‘फिनिशमध्ये कचरा आला होता’ असं तो म्हणतो. तो कचरा काय असतो, ते आपण ओळखून असतो. दिवसा काम करा असं सांगितलं तर दोन दिवस जास्त लागतील. लागू देत.

चातुर्मासात हे काम काढायचंच नाही. पाखरं तेव्हा जास्त असतात हे एक, आणि रंगही बिघडतो हे दुसरं. दमट हवेत एनसीवर पांढरट धुकं येतं. पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच प्रक्रिया करून वायू सोडतो आणि थरात बारीक बुडबुडे उरतात. जी गोष्ट धर्म सांगतो तीच इथे रंगाचा डबाही सांगतो. पण पाऊस थांबला की ‘दिवाळीच्या आत झालंच पाहिजे’ म्हणून आपणच मागे लागतो, आणि मिस्त्री रात्रपाळी करतो. दिवाळीला जुनी शटर पुसून ठेवली तर लक्ष्मी परत जाते का?

कड सुटली की जीवोत्पत्ती

आपल्या आया सांगायच्या, जीव मारू नये हे खरं, पण जीव होऊच नयेत असं घर ठेवावं. रंगाचा याच्याशी थेट संबंध आहे. सिंकखालच्या शटरची खालची कड बघा. एमडीएफ असेल तर पाणी सगळ्यांत आधी कडेतून शिरतं, कड फुगते, रंग सुटतो. त्या फटीत ओल राहते, बुरशी धरते, झुरळं अंडी घालतात. मग आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करतो आणि पच्चक्खाण कशाचं घेतलं होतं ते आठवत बसतो. म्हणून शटरची समोरची बाजू आरशासारखी झाली की नाही हे नंतर बघा. आधी चारही कडा आणि मागची बाजू प्रायमरनं बंद झाली का, बिजागरीचं भोक रंगवलं का, ते बघा. पैसे कडेत घालायचे असतात. पाहुण्यांना कड दिसत नाही, पण झुरळाला दिसते.

नेहमीचे आक्षेप

“पीयू महाग आहे.” आहे. एनसीपेक्षा बराच महाग. पण एनसी दोनदा आणि पीयू एकदा, असा हिशेब मांडा, आणि दोन्ही वेळची घासाई, मजुरी, बाहेरचं जेवण त्यात धरा. जिथे खरोखर पैसा नाही तिथे जुनी शटर स्वच्छ करून तशीच वापरणं हा सगळ्यांत चांगला पर्याय आहे, आणि त्यात कमीपणा नाही. अपरिग्रहाचं व्याख्यान स्थानकात ऐकून घरी विसरायचं नसतं.

“मग लॅमिनेटच लावा ना.” नवं स्वयंपाकघर करणार असाल तर जरूर लावा, माझा वाद मिटला. पण चांगली, मजबूत शटर केवळ रंग उडाला म्हणून भंगारात घालून नवी आणायची, हे मला पटत नाही.

“त्या केमिकलमधलं आपल्याला काय कळतं?” हा आक्षेप पुरुषांनी घेतला की राग येतो, पण बायकांनीच घेतला की जास्त येतो. डब्यावर छापलेलं वाचता येतं. बिस्किटाच्या पुड्यावरचे बारीक अक्षरातले ‘ई’ नंबर चष्मा लावून वाचणाऱ्या आपण, रंगाचा डबा वाचू शकत नाही?

मिस्त्रीला काय सांगायचं

हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं हरवतं.

१. दोन डब्यांचा पीयू, सीलबंद, आमच्यासमोर उघडायचा. थिनर पीयूचाच. एनसीचा थिनर त्यात घातला तर त्यातलं अल्कोहोल हार्डनरला खाऊन टाकतं आणि रंग कधीच नीट जमत नाही. इथे सर्वांत जास्त लबाडी चालते.

२. रंगाआधी शटर साबणसोड्यानं धुऊन, स्वच्छ पाण्यानं पुसून, पूर्ण वाळवून घ्यायची, मग घासायची. फोडणीच्या तेलाचा थर राहिला तर कितीही महागडा रंग पापुद्र्यासारखा निघतो. आधी घासली तर तेल आणखी आत जातं.

३. जुना रंग असेल तर कोरडा घासायचा नाही, वॉटर पेपरनं ओला घासायचा. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं. लहान मुलं आणि गरोदर सून-लेक त्या दिवसांत घरात नकोत.

४. फिनिश सॅटिन. ग्लॉसवर प्रत्येक ओरखडा चमकतो, अगदी मॅटवर तेलाचे हात बसतात आणि घासून घासून तिथेच चकचकीत डाग पडतात.

५. आधी त्याच मालाचा वीतभर नमुना. तो आठवडाभर ठेवायचा, मग थिनरमध्ये बुडवलेला कापूस त्यावर वीस-पंचवीस वेळा घासायचा. कापसाला रंग लागला किंवा थर चिकट झाला, तर तो जमलेला पीयू नाही. सोड्याच्या पाण्याचं फडकं तासभर ठेवून बघा. तेलात कालवलेली हळद रात्रभर लावून बघा. हळद थोडी लागेल, ती कुणालाच सोडत नाही. पण उन्हात ठेवली की उडते. थर फुगला किंवा मऊ पडला, तर मात्र माल परत.

६. हाताला वाळला म्हणजे जमला नाही. बसवल्यावर निदान आठवडाभर साबण नको, ओलं फडकं नको.

७. काम सूर्यास्ताआधी बंद. मास्कशिवाय गन चालू नाही. मास्कचे पैसे आम्ही देऊ.

सातव्या कलमावर मिस्त्री हसेल. घरातलेही हसतील. हसू देत. शेड कार्ड त्यांच्या हातात द्या, आयव्हरी की पिस्ता ते त्यांना ठरवू द्या. ही यादी मात्र आपल्या हातात ठेवा.

जय जिनेंद्र.